डावा गुडघा

"प्लांगरसाहेब, या वयात असा गुडघा मी पाहिलेला नाही," डॉक्टर कोफ्लर आल्विन प्लांगरला म्हणाल्या. समोरच्या पडद्यावर त्याचा डावा गुडघा आतून उजळून निघाला होता. बाई त्यावर पेन्सिलीचं टोक अशा मायेनं फिरवत होत्या, की जणू तो त्यांनीच घडवला होता. "एकसष्टाव्या वर्षी! गादी शाबूत, दोरे शाबूत, कुठे ओरखडासुद्धा नाही. जुनी दुखापत म्हणालात ती नक्की कुठल्या गुडघ्याची?" शेजारच्या खुर्चीत त्याची बायको बुर्गी दोघांचे कोट मांडीवर घेऊन बसली होती. तिनं चष्मा नाकावर वर सरकवला आणि पुढे वाकून पडद्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या पाकिटात सापडलेला फोटो बायको ज्या शांतपणे पाहील, त्या शांतपणे. उजव्याची म्हणावं, असं आल्विनला वाटून गेलं. पण तेहेतीस वर्षं तो डाव्या पायानं लंगडत आला होता, आणि तेही याच बुर्गीच्या शेजारून चालताना. "डाव्याची," तो म्हणाला. "मग फारच छान भरून आलाय," डॉक्टर म्हणाल्या, "इतका छान, की कधी काही झालंच नसावं. शस्त्रक्रियेचं मनातसुद्धा आणू नका. घरी जा आणि वापरा." माणसाला निरोगी म्हटलं की तो आभार मानतो. आल्विननंही मानले. दाराबाहेर पडताना तो लंगडला. मग आपण लंगडतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि उरलेला सगळा व्हरांडा तो एका पायाला काय सांगावं आणि दुसऱ्याला काय, अशा विवंचनेत चालला.

ट्राममध्ये बुर्गी खिडकीबाहेर बघत राहिली. इन्सब्रुकमध्ये न बोलता बाहेर बघायची सोय चांगली आहे, प्रत्येक रस्त्याच्या टोकाला एकेक डोंगर उभा केलेला असतो. आल्विननंही बघितलं. डोंगरावर नवं बर्फ पडलं होतं आणि त्यावरच्या उतारांच्या पांढऱ्या पट्ट्या त्याला लहानपणापासून पाठ होत्या, न जाण्यासाठी पाठ. या गावात सोमवारी सकाळी कचेरीत कुणी "कुठे होतास?" विचारलं, तर त्याचा अर्थ "कुठल्या उतारावर?" एवढाच असतो. इथे जन्मून स्की न येणं म्हणजे कोळीवाड्यात जन्मून पाण्याला भिणं. त्या माणसाचं काय करावं ते लोकांना कळत नाही, आणि त्याचं त्याला तर अजिबात नाही. पण न येणं वेगळं आणि आता करता न येणं वेगळं. गुडघा गेलेल्या माणसाला या टिरोल प्रांतात मान असतो. पाणीपुरवठा खात्यात आल्विन अडतीस वर्षं होता, आणि अडतीस वर्षं दर सोमवारी लोक आपापल्या उतारांच्या बढाया मारून झाल्या की त्याच्याकडे वळून जरा आवाज खाली आणत, "तुझा गुडघा काय म्हणतो?" तो ओठ दाबून म्हणे, "चाललंय." जे बोललं नाही ते लोक स्वतःच भरून काढत. कुणीतरी त्याला एकदा जिल्ह्याच्या शर्यतीत पळवलं होतं, कुणी तर तिसरा आणलं होतं. त्यानं फक्त नाही म्हटलं नव्हतं.

लोकांचं सोडा. बुर्गी वरच्या खोऱ्यातली. तिचा बाप उतारावरच्या लिफ्टचा मिस्त्री होता आणि ती शाळेत जायच्या आधी एकदा वरून खाली येऊन मगच दप्तर उचलायची. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती दोन रविवार एकटी गेली. तिसऱ्या रविवारी दुपारी आल्विननं खिडकीतून तिला कोपऱ्यावर येताना पाहिलं, गाल लाल झालेले, खांद्यावर स्की, कुणाशी तरी हसत बोलत. त्यानं घाईघाईनं गरम पाण्याची पिशवी भरली आणि गुडघ्यावर ठेवून खुर्चीत बसला. का, ते त्याला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. ती आत आली, पिशवीकडे पाहिलं, आणि त्याच संध्याकाळी स्की तळघरात गेल्या. "अगं, माझ्यासाठी नको हं," तो म्हणाला होता. इतक्या मनापासून म्हणाला होता, की तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. तेव्हापासून हिवाळ्यातले सगळे रविवार ती दोघं नदीकाठानं चालत आली, त्याच्या लंगडण्याच्या चालीनं, हळूहळू. बुर्गीची चाल मूळची भरभर. तिला हळू चालायला शिकायला एक वर्ष लागलं. ते त्यानं शेजारून पाहिलं होतं.

घरी आल्यावर तिनं कोट टांगले, बटाटे उकडायला टाकले आणि तळघरात गेली. खालून लाकूड सरकल्याचा, मग काहीतरी ओढल्याचा आवाज आला. ती वर आली तेव्हा तिच्या हातात तिच्या बापाच्या घोंगडीत गुंडाळलेल्या स्की होत्या.

"या आता कुणी पायात घालत नाही," ती म्हणाली, "भाड्यानं नव्या घेईन. जानेवारीत आठवडाभर वर जाणार आहे मी, आल्विन. तू यायचं तर ये."

"अगं पण गुडघा..."

"गुडघ्याला परवानगी आहे. मी स्वतः ऐकलं." तिनं घोंगडीवरची धूळ झटकली. "तिथे सुरुवातीपासून शिकणाऱ्यांसाठी शिकवण्या असतात. त्यातली एखादी निवड."

सुरुवातीपासून. तिनं हा शब्द बटाट्यात मीठ घालावं तसा घातला, ना जास्त ना कमी. तिला किती कळलं होतं? आल्विन तिच्या पाठीकडे बघत राहिला. पाठीवर काही लिहिलेलं नव्हतं.

वरच्या गावातल्या स्कीशाळेचं माहितीपत्रक त्यानं तीन संध्याकाळी वाचलं. एके काळी तो नळांच्या निविदा वाचत असे, तसंच हातात पेन्सिल घेऊन. पाच दिवसांचा गट, रोज चार तास, गटात जास्तीत जास्त आठ जण. सोमवारी सकाळी सगळ्यांनी एकेक करून थोडं खाली येऊन दाखवायचं, मग कोण कुठल्या गटात ते ठरणार. इथे त्याची पेन्सिल थांबली. शाळेच्या सहलीच्या, पन्नाशीला टेकलेल्या आठवणीचा वास अजूनही ओल्या लोकरीचाच होता. पुढे खाजगी शिकवणी. एक शिक्षक, एक विद्यार्थी, "शांत, बाजूच्या उतारावर". लाज झाकून शिकवू असं छापलेलं नव्हतं, पण किंमत पाहता अर्थ तोच होता. त्याखाली मुलांचे वर्ग, पेंग्विनच्या चित्रासकट. आणि अगदी तळाला, कुणीतरी आल्विनला ओळखूनच लिहावी अशी एक ओळ: "फार वर्षांनी पुन्हा सुरुवात करणाऱ्यांसाठी." माणसाला आरशात आपण बरे दिसलो की तो जसा जरा वेळ तिथेच रेंगाळतो, तसा आल्विन त्या ओळीपाशी रेंगाळला. मग त्यानं फोन लावला.

"किती वर्षांनी परत येताय?" पलीकडची बाई उत्साही होती.

"एकोणपन्नास."

"हरकत नाही हो, अंगात मुरलेलं कुठे जातंय! तेव्हा कितव्या गटापर्यंत आला होतात?"

"पाचव्या," आल्विन म्हणाला. हे खरं होतं.

"अरे वा! मग तर काळजीच नको. आमच्याकडे पाचवा म्हणजे सगळ्यात वरचा. सोमवारी सव्वानऊला पाच नंबरच्या झेंड्याखाली या."

शाळेच्या स्कीसहलीत पाचवा गट शेवटचा होता. हे सांगायला एक श्वास पुरला असता. आल्विननं तो श्वास घेतला, "आभारी आहे" म्हणाला आणि फोन ठेवला.

इथल्या प्रत्येक पोराला ती सहल चुकत नाही. बारा वर्षांचा झालास की आठवडाभर डोंगरावरच्या वसतिगृहात राहायचं, एका खोलीत आठ खाटा, आणि पहिल्याच सकाळी ओबरहोफर सर यादी घेऊन उताराखाली उभे. एकेक पोरगं वरून यायचं, सर नुसतं बोट दाखवायचे: एक, दोन, एक, तीन. आल्विन अर्ध्या वाटेत बसला आणि बसल्या बसल्याच सरांच्या बुटांपर्यंत आला. सरांनी पाच बोटं दाखवली, पंजाच. आल्विनच्या काकांनी खोऱ्याचा चषक जिंकलेला, घरी फळीवर मांडलेला. पाचव्या गटात त्याच्याखेरीज दोन जाडी मुलं होती आणि यास्मिंका. तिचा बाप युगोस्लाव्हियातून येऊन डोंगरावरच्या हमरस्त्याच्या पुलावर काम करायचा. तिच्या स्की शाळेच्या, पायमोजे आईनं विणलेले, आणि विजार कुणा मोठ्या माणसाची आत दुमडून शिवलेली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्की पाहिली होती. आल्विनला त्या गटात असण्यापेक्षा तिच्या रांगेत असण्याची लाज जास्त वाटत होती, आणि ही लाज इतकी मोठी होती की तिच्यापुढे दुसरी कुठली लाज शिरायला जागाच उरली नाही. मंगळवारी ती पडायची, तेव्हा तो मोठ्यानं हसायचा, पहिल्या गटाला ऐकू जाईल असा. बुधवारी ती पडायची थांबली. स्कीची टोकं आत वळवून पायांचा नांगर करायचा, हे तिला असं जमलं की ती तो नांगर धरून शांतपणे खाली जायची, तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत. गुरुवारी सर म्हणाले, ही उद्या चौथ्या गटातून शर्यतीत उतरेल. तिला छातीवर बांधायचा नंबरसुद्धा मिळाला, एकतीस. आल्विनला नाही मिळाला.

त्याच दुपारी आल्विन पडला. जवळ कुणी नव्हतं. स्की एकमेकींवर चढल्या आणि तो कुंपणाशी रचलेल्या पेंढ्यात गेला, एवढंच. यास्मिंका मागून येत होती, ती थांबली आणि उठायला म्हणून तिनं आपली काठी पुढे केली. काठी त्याच्या हातात असतानाच सर आले. "कुणी धडकलं?" सरांनी विचारलं. काय झालं, असं नाही. कुणी, असं. प्रश्नात उत्तराची जागा आधीच मोकळी ठेवली होती, फक्त नाव घालायचं होतं. आणि नावही समोरच उभं होतं, काठीचं दुसरं टोक धरून. आल्विननं नुसतं तिच्याकडे पाहिलं. "हिनं?" सर म्हणाले. "हो," आल्विन म्हणाला, आणि मग गुडघा धरला, डावा, कारण तो हाताशी होता. ती एकदा "नाही" म्हणाली. तिला त्या भाषेत आणखी बरंच म्हणता येत होतं, पण सर पुढे ऐकायला थांबले नाहीत. शुक्रवारी सगळे शर्यतीला गेले. नंबर एकतीस दुसऱ्या कुणालातरी दिला. वसतिगृहात दोघंच उरली, तो शेगडीपाशी पाय उंच ठेवून आणि ती शिक्षा म्हणून स्वयंपाकघरात बटाटे सोलत. दार उघडं होतं. बटाटा पाण्यात पडल्याचा आवाज यायचा, मग दुसरा. दुपारी स्वयंपाकीणबाईंनी तिच्या हाती त्याच्यासाठी गरम रासबेरीचं सरबत पाठवलं. तिनं ते स्टुलावर ठेवलं, त्याच्या पट्टी बांधलेल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दुखतंय का?" टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती. बहुतेक तिला वाटू लागलं होतं, की आपण धडकलो असू. "हो," तो म्हणाला. पुढच्या वर्षी पूल झाला आणि ती माणसं कुठेतरी निघून गेली.

आणि त्यानं या गोष्टीचा विनोद केला. सगळ्यात जास्त लाजेची गोष्ट कुठली, असं आल्विनला कुणी विचारलं असतं, तर ती हीच होती. कचेरीतल्या जेवणांत, लग्नांत, दोन प्याले झाले की, "माझ्यावर युगोस्लाव्हियानं आक्रमण केलं" अशी सुरुवात करून तो ती टक्कर सांगायचा. लोक टेबलावर हात आपटून हसायचे. बुर्गीशी लग्न ठरलं त्या रात्रीही त्यानं ती सांगितली, आणि तिच्या बापानं हसून हसून डोळे पुसले. मग तो देशच फुटू लागला, टीव्हीवर जळणारी गावं दिसू लागली, शहरात निर्वासितांच्या गाड्या आल्या, आणि हे वाक्य टेबलावर ठेवण्यासारखं राहिलं नाही. तेव्हा आल्विननं धडकणारी बदलली. डच बाई केली. टिरोलमध्ये उतारावरची कुठलीही गोष्ट डच माणसावर खपते. तेवढी सभ्यता त्याच्यात होती. पहिल्यांदा डच बाई टेबलावर आली तेव्हा बुर्गी भाजी वाढत होती. तिचा चमचा क्षणभर हवेत राहिला, मग तिनं वाढलं.

जानेवारीतल्या त्या सोमवारी सव्वानऊला तो पाच नंबरच्या झेंड्याखाली उभा होता. आजूबाजूला शिरस्त्राणं घातलेले, एकमेकांच्या पाठी थोपटणारे लोक. बुर्गी जरा पलीकडे, भाड्याच्या नव्या स्कींवर, लिफ्टच्या रांगेत. तिनं पायांत स्की अडकवल्या त्या क्षणी तिचं वय गळून बर्फात पडलं होतं. पाचव्या गटाचा शिक्षक वर बोट दाखवून म्हणाला, "त्या काळ्या खडकापासून खाली. एकेक." आल्विननं खडकाकडे पाहिलं. मग स्की खांद्यावर घेऊन तो बिननंबरच्या झेंड्याकडे निघाला. तिथे सपाटीवर सहा-सात माणसं एकमेकांना धरून उभी होती आणि शेजारी पेंग्विनचं चित्र होतं. वीस पावलं असतील. बुर्गी बघत होती. पहिली दहा पावलं तो सवयीनं लंगडला. मग ते त्याच्या लक्षात आलं, आणि उरलेली दहा सरळ चालणं त्याला खडकावरून उतरण्याइतकं अवघड गेलं.

"अहो, मी चुकून तिकडे..." त्यानं तिथल्या बाईंना सांगायला सुरुवात केली.

"इथे अहो-जाहो नाही," शिकवणारी बाई म्हणाली. सेन्झी तिचं नाव, पन्नाशीची, उन्हानं भाजलेला, वांग्यासारखा तुकतुकीत चेहरा. "हजार मीटरच्या वर सगळे अरे-तुरे. काय येतं तुला?"

"काही नाही."

"उत्तम. याआधी?"

"याआधीही नाही," तो म्हणाला. बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. सेन्झीनं फक्त मान डोलावली आणि म्हणाली, "मग नांगर धर."

चार दिवस त्यानं नांगर धरला. बर्फावरच्या सरकत्या पट्ट्यावर चार-चार वर्षांच्या पोरांमागे उभं राहून वर जायचं, खाली यायचं, पुन्हा पट्टा. एका पोरीनं त्याला विचारलं, "आजोबा, तुम्ही नापास झालात का?" त्यानं हो म्हटलं. त्याच्या गटात मारेइके होती, साठीची, उंच आणि डच. दैवाला विनोदबुद्धी आहे, आणि ती आपल्यापेक्षा फारशी बरी नाही, असं आल्विनला पहिल्याच दिवशी कळून चुकलं. मारेइके सारखी माफी मागायची. खांबाला धक्का लागला तर खांबाची. संध्याकाळी जेवताना बुर्गी "आज काय शिकलास?" विचारायची, तो सांगायचा, आणि दोघं आपापल्या ताटात बघायची. तिला वाऱ्यानं काळा झालेला नाकाचा शेंडा शोभत होता. तेहेतीस हिवाळे तो असाच काळा झाला असता.

गुरुवारी दुपारी, उतार संपून सपाटी लागते तिथे, जवळपास कुणी नसताना आल्विनच्या स्की एकमेकींवर चढल्या. डावा पाय खाली मुडपला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा डावा गुडघा खरोखर दुखला, लख्ख, आतून. मारेइके मागून येत होती. ती दोन हातांवर कशीबशी थांबली आणि तिनं आपली काठी पुढे केली. त्यानं ती धरली. आणि वरून सेन्झी आली.

"कुणी धडकलं? मारेइके, तूच ना? अंतर ठेव, अंतर ठेव, किती वेळा सांगायचं बाई तुला!"

"माझंच चुकलं," मारेइके रडवेली झाली. "माफ करा, माफ कर हं, माझंच..."

वाक्य तयार होतं. एकोणपन्नास वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं, फक्त ओठांतून सोडायचं. या खेपेला तर देशही बरोबर होता आणि गुन्हाही कबूल झाला होता. थोडं आणखी वर, उताराच्या कडेला, बुर्गी बर्फ उडवत येऊन थांबली होती.

"कुणी नाही," आल्विन म्हणाला. "मी माझा पडलो."

"राहू दे रे, तिची बाजू नको घेऊस."

"बाजू नाही घेत! ती नाही धडकली. कुणी नाही धडकलं. मी एकटा पडलो!" तो ओरडलाच. पट्ट्यावरची पोरं वळून बघू लागली. मग गटातल्या कुणीतरी टाळी वाजवली आणि बाकीच्यांनीही वाजवली. "असा सभ्य माणूस!" एक जण म्हणाला. मारेइकेनं डोळे पुसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "किती चांगला आहेस तू." सेन्झीनं त्याला डोळा मारला आणि सगळ्यांना घेऊन पुढे गेली. आल्विनला वाटलं, बर्फ जरा उकरावं आणि आत जावं. एकोणपन्नास वर्षांपूर्वी खोटं बोलून त्याला दया मिळाली होती, आज खरं बोलून टाळ्या.

बुर्गी खाली आली, त्याच्यापाशी थांबली. तिनं हात पुढे केला नाही.

"आणि तेव्हा?" तिनं विचारलं.

"तेव्हाही."

"डच बाई?"

"बाई नव्हती. डचही नव्हती. बारा वर्षांची होती. यास्मिंका. तिनं मला उठायला काठी दिली होती." तो बर्फाकडे बघून बोलत होता. "आणि मला कधीच येत नव्हतं, बुर्गी. एक दिवसही नाही."

लिफ्टच्या तारा घरघरत होत्या. बुर्गीनं हातमोजा काढला, पुन्हा घातला. "नदीकाठ," ती म्हणाली. "तेहेतीस हिवाळे मी नदीकाठ बघितला, आल्विन." तिच्या आवाजात राग नव्हता. ती बहुधा मोजून बघत होती. मग तिची नजर मुडपलेल्या पायावर गेली.

"दुखतंय का?"

त्यानं वर पाहिलं. ती खरंच विचारत होती.

"हो," तो म्हणाला.

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. यावर विश्वास ठेवायचा की नाही हे तिनं ठरवलं असेलही, पण सांगितलं नाही. "उठ मग हळूहळू," म्हणाली, वळली आणि निघाली, भरभर, तिच्या मूळच्या चालीनं. दोन वळणांत ती सपाटीपलीकडे गेली. आल्विन एकटा उठला, त्याला तीन खेपा लागल्या. स्की काढल्या, खांद्यावर घेतल्या आणि तिच्यामागे चालू लागला. डाव्या पायावर भार आला की गुडघ्यातून कळ डोक्यापर्यंत जात होती. आता खरं तर लंगडायला काही हरकत नव्हती. पण तो दात आवळून सरळ चालत राहिला.